बाबासाहेबांची बिऱ्हाडे

आमच्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रांसाठी एक अख्खा कप्पा राखून ठेवलेला आहे. दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर तो रिकामा होतो आणि नंतर पुन्हा भरतो. महाडचे तळे, येवल्याची घोषणा, पुणे करार, घटना, नागपूरची दीक्षाभूमी हे टप्पे आपणा सर्वांना तोंडपाठ आहेत. वक्तृत्वस्पर्धेत तेच येतात, निबंधातही तेच येतात. पण हा माणूस राहत कोठे होता? त्याच्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या मालकीचे होते? हे प्रश्न मलाही पूर्वी कधी पडले नव्हते.

ते पडले याचे कारण अगदी घरगुती आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मी नांदेडला शिकायला आलो. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत नाव लागले नाही म्हणून खोली शोधत हिंडलो. एका घरी खोली दाखवली, भाडे सांगितले, पाण्याची वेळही सांगितली. मग गाव विचारले आणि सर्वांत शेवटी आडनाव. आडनाव ऐकल्यावर ती खोली कालच दिली गेली असल्याचे मालकांना आठवले. दारावरची भाड्याची पाटी मात्र पुढचे आठ-दहा दिवस तशीच होती. त्या आठवड्यात मी जे चरित्र वाचायला घेतले ते या एकाच अंगाने वाचले. पुढचा मजकूर त्या वाचनातून आलेला आहे.

आंबेडकर घराणे मूळचे कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे हे त्यांचे गाव. समुद्रकिनाऱ्याच्या या पट्ट्यातील हजारो माणसे पोटासाठी दोनच वाटा धरीत. एक वाट पलटणीची, दुसरी बोटीने मुंबईच्या गिरणीची. रामजी सकपाळांच्या घराण्याने पहिली धरली. त्यामुळे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला तो गावकुसाबाहेरच्या वाड्यात नव्हे, तर मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत. छावणीत राहण्याची जागा हुद्द्यावरून मिळे. रामजी सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवीत होते आणि त्या मानाने त्यांना घर होते. या पहिल्या घराची बाबासाहेबांना आठवण असणे शक्य नव्हते, कारण ते अगदी लहान असतानाच वडील निवृत्त झाले आणि कुटुंब आधी दापोलीस व मग साताऱ्यास आले.

साताऱ्यास पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराचे घर होते आणि घरात चार पैसेही होते. परंतु पैशाने ज्या गोष्टी विकत मिळतात त्यांतल्या कित्येक या घराला मिळत नसत. धोबी कपडे धूत नसे. न्हावी केस कापीत नसे. मुलांचे केस थोरली बहीणच भादरी. शाळेत बसायला भीमरावांनी घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळेचा गडी त्याला हात लावीत नसे. आई भीमाबाई येथेच वारल्या. छावणी सुटली आणि गाव भेटले ते असे.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईत आले. त्या वेळची मुंबई कशी होती हे येथे थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढच्या गोष्टीचा अर्थ लागणार नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराजवळच्या दाट वस्तीत प्लेगचे पहिले रोगी सापडले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ते निदान केले. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले, गिरण्या बंद पडायची वेळ आली. रोग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. कोंदट, अंधाऱ्या, ओल्या घरांतून तो उपजतो अशी समजूत होती. म्हणून १८९८ साली सरकारने मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. जुन्या दाट वस्त्या पाडायच्या, त्यांतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत खेळवायचा, आणि घर गमावलेल्यांसाठी चाळी बांधायच्या असे त्याचे काम ठरले. पाडण्याचे काम झपाट्याने झाले. बांधण्याचे मागे रेंगाळले. तोवर कोकणातून आणि घाटावरून येणारी माणसे थांबली नव्हतीच. खासगी मालकाच्या चाळीत एका खोलीत दोन-दोन कुटुंबे आणि वर चार पाहुणे अशी राहणी होती. अस्पृश्यांना बहुतेक ठिकाणी तीही मिळत नसे. रॉकेलचे डबे ठोकून केलेले पत्रे आणि झावळ्या यांच्या झोपड्या त्यांच्या वाट्याला येत.

सुभेदारांना परळच्या गिरणगावात डबक चाळीत एक खोली मिळाली. सारा संसार त्या एका खोलीत. स्वयंपाक तेथे, सरपण तेथे, निजणे तेथे आणि एल्फिन्स्टन हायस्कूलच्या विद्यार्थ्याचा अभ्यासही तेथेच. रात्री सगळे निजल्याखेरीज अभ्यास होणे शक्य नव्हते. म्हणून भीमरावांनी लवकर झोपायचे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागत बसायचे आणि मग मुलाला उठवून स्वतः आडवे व्हायचे असा क्रम ठरला. जागा एकच असल्यामुळे बापलेकांनी रात्र वाटून घेतली होती. परीक्षेच्या दिवसांत आपल्याकडेही पहाटे उठवणारे वडील आहेत. पण अंथरुणाएवढी जागा रिकामी व्हावी म्हणून जागणारे वडील थोडे असतील.

दिवसा मात्र वाचायला जागा नसे. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन पुस्तक उघडून बसे. त्याच बागेत कृष्णराव अर्जुन केळूसकर येत असत. ते शिक्षक होते, मराठी लेखक होते. रोज एकटा वाचीत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली आणि त्यातून ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकण्यातही केळूसकरांचा हात होता. घरात जागा असती तर हा मुलगा बागेत गेला नसता, आणि मग बुद्धाची पहिली गाठ कोठे पडली असती कोण जाणे! अर्थात यावरून लहान घर हे वरदान ठरवण्याचा मूर्खपणा कोणी करू नये. त्या चाळींतून बागेत न पोचलेली मुले कितीतरी अधिक होती.

विद्यार्थिदशेतच रमाबाईंशी लग्न झाले. ते कोठे झाले? भायखळ्याच्या बाजारात, रात्री दुकाने बंद झाल्यावर, उघड्या छपराखाली. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्यात वधूपक्ष, बसायला विक्रेत्यांचे दगडी ओटे. पहाटे कोळिणी आणि भाजीवाल्या यायच्या आत मांडव आवरणे भाग होते.

१९१२ च्या सुमारास कुटुंब परळला पोयबावडीजवळ ट्रस्टच्या चाळीत राहायला गेले. बी. आय. टी. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. या दोन खोल्यांत बाबासाहेबांचे बिऱ्हाड सुमारे बावीस वर्षे होते. आयुष्यात इतका काळ ते दुसऱ्या कोठेही राहिले नाहीत. ज्या सुधारणा ट्रस्टला त्या काळची वर्तमानपत्रे घरे पाडणारा म्हणून शिव्या देत, त्याच ट्रस्टची ही चाळ. लांब सज्जा, ओळीने खोल्या, सामाईक नळ आणि संडास. त्यात सुख असे काही नव्हते. परंतु मालक सरकारी होता, आणि मला वाटते यातच त्या जागेचे मोल होते. भाडेवसुली करणाऱ्या कारकुनाला महिन्याचे भाडे हवे असे. खासगी मालकाप्रमाणे सोयरसुतक पाहून खोली देण्याचे त्याला कारण नव्हते. शेजाऱ्यांच्या मनात काय असे तो प्रश्न निराळा.

ही गोष्ट किती मोठी होती ते कळायला बडोद्याची हकीकत पाहावी. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परत आले, कारण करारानुसार बडोदे संस्थानची नोकरी करावयाची होती. परदेशातील चार-पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहो ही जाणीव जवळजवळ पुसली गेली होती असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. बडोदे स्टेशनवर उतरताच ती परत आली. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशांत अस्पृश्यता नाही असे वाटून ते एका पारशी सराईत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. व्यवस्थापक मात्र गिऱ्हाइकांवाचून बसला होता. मग पारशी नावाने नोंद करायची आणि राहण्याजेवण्याचे रोजचे दीड रुपया द्यायचे असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, बाजूच्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या आणि अडगळ, विजेचा दिवा नाही, बोलायला माणूस नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला हा अधिकारी रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक घेऊन बसे. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो आज-उद्या असा लांबत होता.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत असताना दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. खोटे नाव लावून सराई बाटवल्याचा आरोप त्यांनी केला. आठवडाभर राहू द्यावे ही विनंतीही त्यांनी मानली नाही. संध्याकाळच्या आत जागा सोडण्यास बजावले. बाबासाहेबांनी दोन ओळखीच्या माणसांना विचारून पाहिले. एक हिंदू होता. अस्पृश्य घरात आला तर नोकर सोडून जातील ही त्याची अडचण. दुसरा ख्रिस्ती होता; उद्या बायको येते, तिला विचारून सांगतो म्हणाला. ती दोघे मूळची ब्राह्मण कुटुंबातली होती हे बाबासाहेबांना ठाऊक होते, तेव्हा ते उत्तर काय असणार तेही कळत होते. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत घालवले, आणि तेथे बसून ते रडले. लहानपणी चर्नी रोडच्या बागेत वाचायला बसणारा मुलगा आता सव्वीस वर्षांचा झाला होता, आणि एवढे शिकूनही त्याला बागेतच बसावे लागले होते.

नऊच्या गाडीने ते निघाले आणि मुंबईला आले. परळच्या दोन खोल्या जाग्यावर होत्या.

पुढची वर्षे चरित्रकारांनी तपशिलाने लिहिली आहेत, मी भरभर सांगतो. सिडनेहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, १९२० मध्ये मूकनायक पत्र, माणगावची परिषद, पुन्हा लंडन. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला स्वतः परळच्या चाळीत आले होते. लंडनला काही काळ ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात भाड्याने राहिले. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, रात्री खोलीवर थोडे खाऊन पुन्हा वाचन. इकडे चाळीत रमाबाई काटकसरीने दिवस काढीत होत्या. शेण्या थापून सरपणाचे पैसे वाचवीत होत्या असे आठवणींत येते. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. चार मुलांचे मरण या दोन खोल्यांतल्या संसाराने सोसले आहे, आणि त्या काळच्या मुंबईत बालमृत्यू सर्वांत जास्त कोठे होत याची चौकशी केली तर उत्तर एकखणी घरांपाशीच येते.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले तेही याच चाळीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरी जवळच दामोदर हॉलमध्ये होती. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश मिळावा ही मागणी, सायमन कमिशनपुढची साक्ष, १९३० ची गोलमेज परिषद या सर्वांचा पत्ता परळच्या चाळीचा होता. विणकाम खात्याची गोष्ट घराशीही जोडलेली आहे. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून स्पृश्य विणकर अस्पृश्याला त्या खात्यात येऊ देत नसत. आणि चांगला पगार त्याच खात्यात असे. पगार कमी म्हणून भाडे परवडत नाही, आणि भाडे परवडले तरी खोली मिळत नाही असा तो दुहेरी फास होता.

याच सुमारास मुंबईत आणखी एक मोठा प्रयोग चालू होता. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये विकास खाते काढले. पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरले. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या, सुमारे साडेसोळा हजार खोल्या. त्याच आपण ज्यांना बी. डी. डी. चाळी म्हणतो त्या. भाडे जास्त म्हणून सुरुवातीला त्या ओसच पडल्या, इतक्या की सविनय कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग केला! मात्र नंतर त्या भरल्या, आणि नायगाव-वरळीच्या चाळींतून बाबासाहेबांच्या चळवळीला कार्यकर्त्यांच्या पिढ्या मिळाल्या. १९७२ नंतरची दलित पँथरची वरळीही तीच.

स्वतःला दोन खोल्या मिळाल्या म्हणून त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. हितकारिणी सभेने हाती घेतलेले पहिले काम वसतिगृहाचे होते. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला ते सुरू झाले. खेड्यातल्या अस्पृश्य मुलाला हायस्कुलात नाव घालता आले तरी रात्री राहायचे कोठे, हे त्यांनी स्वतःवरून ओळखले होते. मला तर वाटते, वसतिगृह ही त्यांची सर्वांत न गाजलेली पण सर्वांत टिकलेली लढाई आहे.

१९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधायला काढले. दादर-माटुंग्याची ही वसाहतही त्याच सुधारणा ट्रस्टची. शेतांची आणि माडांची जमीन संपादून, आखीव रस्ते काढून, मध्यमवर्गासाठी तिचे भूखंड पाडले होते. गंमत अशी की ट्रस्टने शहर सुधारले तरी माणसे आपापल्या जातीजमातीने एकत्र राहण्याची रीत मोडली नाही. ती नव्या पद्धतीने बसवली गेली. गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली, दादरला पारशी कॉलनी झाली, शेजारी हिंदू कॉलनी झाली. त्या हिंदू कॉलनीत एका महाराने प्लॉट घेऊन घर बांधले. गोलमेज परिषदा, पुणे करार आणि हे बांधकाम एकाच वेळी चालू होते. नाव ठेवले राजगृह. मगधाची जुनी राजधानी, बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती जेथे भरली ते नगर. येवल्याची घोषणा अजून दोन वर्षे दूर होती.

राजगृहाचे वैशिष्ट्य म्हणजे ते आधी पुस्तकांसाठी आणि मग माणसांसाठी बांधलेले आहे. न्यूयॉर्क-लंडनहून आणलेली आणि पुढे वाढत गेलेली पुस्तके चाळीत मावेनात, हे घर बांधण्याचे मोठे कारण होते. ज्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती तेथून निघालेल्या माणसाने पहिली संधी मिळताच ग्रंथालयालाच घर बांधून दिले. १९३४ च्या सुमारास कुटुंब परळहून येथे आले. रमाबाईंना मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. त्यांची प्रकृती आधीच खालावली होती. २७ मे १९३५ रोजी त्या राजगृहात वारल्या. चाळीतला संसार ज्यांनी ओढला त्यांच्या वाट्याला स्वतःचे घर जेमतेम वर्षभर आले.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले आणि दिल्लीस पृथ्वीराज रोडवरच्या सरकारी बंगल्यात गेले. जन्मानंतर पुन्हा एकदा हुद्द्यावरून मिळालेले घर! कोळसा खाणीतील मजुरांच्या घरांसाठी आणि आरोग्यासाठी कल्याण निधी उभारण्याचे काम १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याने केले. पण त्या वर्षांतील त्यांची सर्वांत धाडसी सूचना खेड्यांविषयी होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत आणि पुन्हा १९४७ साली घटना परिषदेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी मांडली की, अस्पृश्यांची गावाबाहेरची वस्ती गावावरच अवलंबून असते, तेव्हा सरकारी पडीक जमिनीवर त्यांची स्वतंत्र गावे वसवावी आणि त्यासाठी वसाहत मंडळ नेमावे. गांधीजींना मानणाऱ्या काँग्रेसजनांना ही फुटीरपणाची सूचना वाटली. आमच्याकडच्या एखाद्या गावाचा नकाशा ज्याने पाहिला आहे, वेशी कोठे, पाणवठा कोठे आणि वाडा कोठे, त्याला ती फुटीर वाटणार नाही. फुटलेले आधीचेच आहे.

ही मागणी घटनेत आली नाही. घटनेत आले ते पंधरावे आणि सतरावे कलम. पंधराव्याच्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे घेऊन तेथे कोणालाही जातीवरून अटकाव करता येणार नाही असे म्हटले आहे. त्या यादीत महाडचे तळे आहे आणि हॉटेलांच्या रूपाने बडोद्याचे दारही आहे. भाड्याची खोली मात्र त्या यादीत नाही. ही यादी मी नांदेडच्या त्या घरमालकांच्या ओट्यावरून परतल्यावर दोनदा वाचली.

मराठवाड्याशी त्यांचा खरा संबंध येतो तो १९५० मध्ये. निजामाच्या राजवटीतून हा भाग नुकताच सुटला होता. उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस होते. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. शहराबाहेरच्या उघड्या माळावर नागसेनवन उभे राहिले. बाबासाहेब मुक्कामाला आले की बांधकामावर स्वतः उभे राहत, आल्यागेल्याला झाड लावायला लावीत. वर्गखोल्यांइतकीच निकड वसतिगृहांची होती, कारण नांदेड, परभणी, बीड आणि लातूर, उदगीरकडून येणाऱ्या मुलांना औरंगाबाद शहरात खोली कोण देणार? आज मराठवाड्यात पन्नाशी-साठी उलटलेले किती शिक्षक, वकील, लेखक या वसतिगृहांतून निघाले आहेत याची मोजदाद आपल्या महाविद्यालयापुरती तरी कोणी करावी.

याच मराठवाड्यात जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, आणि त्याचा राग निघाला तो घरांवर. नांदेड, परभणी आणि इतर जिल्ह्यांतील खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. भांडण नावाचे होते. जळाली ती घरे. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादची पन्नासएक गावे नव्या जागी वसवण्यात आली. कोऱ्या जमिनीवर आखीव गाव वसवण्याची अशी संधी पूर्वी कधी आली नव्हती. पुनर्वसनात घरांचे तीन प्रकार ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्याहून अधिक जमीनवाल्यांना ७५०. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला घरही तेवढेच लहान. जमीन कोणाकडे नव्हती हे सांगायला नको. आमचे एक नातलग त्या अडीचशे फुटांत अजून राहतात. पुढे पत्र्याची एक खोली त्यांनी पदरची काढली आहे.

पुन्हा चरित्राकडे येतो. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा सरकारी बंगला सोडावा लागला. ते आणि माईसाहेब २६, अलीपूर रोड येथे गेले. ते घर सिरोहीच्या महाराजांचे. म्हणजे आयुष्याच्या शेवटी दिल्लीत ते पुन्हा दुसऱ्याच्याच घरात होते. बुद्ध आणि त्याचा धम्म हा ग्रंथ येथेच पुरा झाला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले. ६ डिसेंबरला पहाटे, त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने जवळ असताना, अलीपूर रोडच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले.

विमानाने देह रात्री मुंबईला आणला आणि तेथून राजगृहात नेला. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दुपारी अंत्ययात्रा निघाली. हिंदू कॉलनीतून व्हिन्सेंट रोडला लागून ती परळच्या कामगार वस्तीकडे वळली आणि तेथून दादरच्या समुद्राकडे गेली. गिरण्या बंद होत्या. चाळींच्या सज्जांतून, जिन्यांवरून, छपरांवरून लाखो माणसे पाहत होती. पुढे १९३४ पर्यंतच्या त्या बिऱ्हाडात दुसरे भाडेकरू राहत आले. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ या खोल्या तेव्हापासून लोक विचारत विचारत पाहायला येतात.